झिलूचा डबा

झिलू मेस्त्रीने झाडं तोडायची नवी मशीन घेतली, हवा-पेट्रोलचा मेळ स्वतःच जुळवणारी, आणि गावभर तिचं कौतुक सांगत सुटला. तेच त्याला भोवलं. शाळेला खेटून उभं असलेलं ऐनाचं वाळकं झाड तोडायचं होतं, तेव्हा ठेकेदार खानविलकर सगळ्यांदेखत म्हणाले, "मशीन सगळं आपणच करते ना? मग तू कशाला हवास? ठेव ती इथे, माझा ड्रायव्हर तोडेल."

झिलूने मशीन लगेच ड्रायव्हरच्या हातात दिली. "घ्या की! फक्त माझा रिवाज तेवढा पाळा. झाड जिथे पडणार तिथे मी आधी खुंट ठोकतो आणि त्याच्यापासून दोन हातांवर माझा जेवणाचा डबा ठेवतो. तुम्ही डबा आणला नसेल, तर तुमची जीप लावा."

खानविलकरांनी नव्याकोऱ्या जीपकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरने मशीन परत केली.

"तूच तोड," ठेकेदार पुटपुटले, "पण याला शिकव."

ऐन कडाडून आडवा झाला आणि खुंट जमिनीत गाडला गेला. झिलूने धूळ फुंकून डबा उघडला, अर्धी भाकरी ड्रायव्हरपुढे धरली आणि म्हणाला, "उद्यापासून तुझाही डबा आण."