वाल कुणी सोलले?

“...मग हुकूम देतो तरी कोण, बुवा?”

विचारणारे प्रोफेसर किंजवडेकर. बाहेरचे देश सरकारांना कसे वळवतात, याच अभ्यासात त्यांचे केस पिकले. स्वतःच्या घरात त्यांना चहाची वेळही ठरवता येत नसे, ते असो.

बुवा मठाच्या ओसरीवर वाल सोलत होते. मोड आलेला दाणा पाण्यातून काढायचा, चिमटीत दाबायचा. साल इकडे, डाळिंबी परातीत. दुपारी मठात पंगत होती.

प्रोफेसर समोर बसले. “जन्माचं पुस्तक अडलंय. शेवटचं प्रकरण कोरं. ते जमलं नाही तर सगळी हयात फुकट.”

“हं...”

“परदेशी पाहुणे येतात, चहा पितात, जातात. महिन्याभरात इकडे कायदा बदलतो. हुकूम नाही, धमकी नाही. मंत्र्याला विचारावं, तर म्हणतो, आमचं आम्हीच ठरवलं.”

“मग?”

“खोटं बोलतात लेकाचे.”

बुवांनी वालाचं पातेलं जरा पुढे सरकवलं.

प्रोफेसर सुटले. कर्ज देणाऱ्या बँका झाल्या, सल्लागार झाले, परिषदा झाल्या. बोलता बोलता जिनिव्हाला पोचले आणि तिथेच रमले. बुवांनी पाय लांब केले, खांबाला टेकले, डोळे मिटले.

“मला मात्र कुणी वळवू शकत नाही,” प्रोफेसर म्हणाले. “अभ्यासकानं लांब बसून नुसतं बघायचं असतं.”

“बरोबर...”

आतून आचाऱ्याची हाक आली, “बुवा, झाले का वाल?”

बुवांनी एक डोळा उघडला. “प्रोफेसर, बघा हो जरा.”

प्रोफेसरांनी खाली पाहिलं. परात डाळिंब्यांनी भरलेली. पातेल्यात नुसतं पाणी. त्यांची स्वतःची बोटं सुरकुतलेली, आणि घड्याळाच्या काचेवर एक साल.

“हे... मी सोलले?”

“मी तर झोपलो होतो.”

“पण तुम्ही मला सांगितलंत कधी?”

“मी कुठं सांगितलं? कुणी सांगितलं तुम्हाला?”

प्रोफेसर ताठ बसले. “कुणी नाही. माझं मीच...”

त्यांची नजर पुढे सरकवलेल्या पातेल्यावर गेली.

घड्याळावरचं साल तेवढं वाळत होतं.

मग बुवा उठले, परात उचलली आणि उंबऱ्यापाशी थांबले.

“उद्या फणस फोडायचाय. यायचं का नाही... तुमचं तुम्हीच ठरवा.”