कोंडाईचं टाकं

रातांबीचा घाट चढून माथ्यावर आलं की उजव्या हाताला कातळात खोदलेली दोन टाकी दिसतात. मध्ये जेमतेम हातभर रुंदीची दगडी भिंत. अलीकडच्या टाक्यातलं पाणी इतकं गोड, की घाट चढून दमलेला माणूस ओंजळीमागून ओंजळ पीत राहतो. पलीकडच्या टाक्यातलं पाणी मात्र तोंडात घेतलं की नवखा पाहुणा थुंकतो आणि चकित होऊन गावकऱ्यांच्या तोंडाकडे बघतो. समुद्र इथून दोन मुक्काम खाली. आसपासच्या कुठल्या विहिरीला, कुठल्या झऱ्याला खारेपणाचा मागमूस नाही. मग एकाच कातळातलं हे एकच टाकं खारं कसं? अशा वेळी गावातलं एखादं जाणतं माणूस पाहुण्याला सावलीत बसवतं आणि कोंडाई वाणिणीची गोष्ट सांगतं.

फार मागची गोष्ट. घाटाला तेव्हा गाडीरस्ता नव्हता. कोकणातलं मीठ वर यायचं ते बैलांच्या पाठीवरून, गोणी लादून. त्या वाटेवर विसोबा वाण्याचा तांडा मोठा नावाजलेला. विसोबा एका हिवाळ्यात तापाने गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, तांडा मोडणार. भाऊबंद बैल वाटून घ्यायला आलेही. पण त्याची बायको कोंडाई पदर खोचून गोठ्याच्या दारात उभी राहिली. "बैल कुठं जाणार नाहीत. माझ्याबरोबर घाट चढणार आहेत," असं म्हणाली म्हणे. आणि खरंच चढले. बैल हाकणाऱ्या म्हाताऱ्या भिवाला बरोबर घेऊन ती बाई दर वर्षी पावसाळा सरला की मिठागरावर जायची, गोणी भरायची आणि घाट चढून वरच्या वाड्यांना मीठ घालायची. बदल्यात नाचणी, मध, हिरडा घेऊन खाली उतरायची.

पण वाड्यांवरच्या बायका तिची वाट बघायच्या ती नुसत्या मिठासाठी नाही. कुणाची लेक खाली कोकणात दिलेली असायची. ती बाळंत झाली का, मुलगा की मुलगी, सासू बरं वागवते का, हे सगळं कोंडाईच्या तोंडून कळायचं. कोंडाई निरोप न्यायची, निरोप आणायची. तिने जुळवलेली लग्नं होती, तिच्या मध्यस्थीने मिटलेली भांडणं होती. तिच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की लोक म्हणत, "माहेरची वाट आली." ती म्हणायची, "गोणीत काय, कुणीही मीठ भरील. माणसांनी वाट बघितली पाहिजे, तर तो व्यापार."

ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी रातांबगडावर नवा किल्लेदार आला होता. त्याला गडाला नवा बुरूज बांधायचा होता. ऐन कापणीत त्याने वरच्या वाड्यांना हुकूम केला, घरटी एक माणूस वेठीला पाठवा. वाड्यांनी हात जोडून सांगितलं, पीक उभं आहे, ते घरात येऊ द्या, मग येतो. किल्लेदाराला तो अपमान वाटला. त्याने शिपाई पाठवले नाहीत, घरं जाळली नाहीत. त्याने फक्त घाटमाथ्यावर, ह्या टाक्यांपाशी चौकी बसवली आणि हुकूम काढला, की कणभर मीठ वर जाता कामा नये. "खाऊ देत अळणी," तो म्हणाला. "महिन्या-दोन महिन्यांत रांगत येतील."

माणूस अळणी किती दिवस खाणार? घरातलं मीठ संपलं. लोणच्याच्या बरण्यांच्या तळाचा खार लोकांनी भाकरीला लावून खाल्ला. मिठाचा खडा मिळेना तशी गुरं भिंती चाटायला लागली. पोरं ताटावरून उठून जायला लागली. तरी वाड्या वाकल्या नाहीत. त्यांचा एकच भरवसा होता. कोंडाई येईल.

आणि कोंडाई आली. भर सकाळी घुंगरांचा आवाज घाटातून वर आला. चौकीपलीकडे पाणी भरायला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून बघत राहिल्या. त्यांच्या नजरेसमोर शिपायांनी भाले आडवे केले आणि तांडा थांबवला.

किल्लेदार स्वतः चौकीवर हजर होता. त्याने कोंडाईला बसायला घोंगडी टाकायला लावली.

"वाणीणबाई," तो म्हणाला, "सगळं मीठ मी घेतो. मागाल तो भाव. वर ह्या घाटाचा मक्ता तुमच्या नावावर. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा बैल इथून चढणार नाही."

"आणि वाड्यांना?"

"वाड्यांना मी देईन. माझ्या पायाशी येतील त्यांना."

भिवा तिच्या मागेच उभा होता. त्याने हळूच म्हटलं, "वयनी, देऊन टाका. नाही म्हटलं तर ह्यो फुकट घेईल. बैलबी जातील." त्याचं चुकत नव्हतं. कोंडाईलाही ते कळत होतं. असा भाव विसोबाने जन्मात बघितला नव्हता. ह्या एका सौद्यात तिचं म्हातारपण सुखात गेलं असतं. चौकीपलीकडे उभ्या असलेल्या बायकांकडे तिने बघितलं. एकीच्या कडेवर ती मुलगी होती, जिच्या बारशाला खालच्या मावशीने पाठवलेलं झबलं कोंडाईने गोणीत जपून आणलं होतं. बायका काही मागत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

"सरकार," कोंडाई म्हणाली, "बैल दमलेत. त्यांना पाणी पाजू द्या, ओझं उतरू द्या. मग काय ते सांगते."

किल्लेदाराला वाटलं, बाई वळली. त्याने मान हलवली.

तांड्यातल्या गड्यांनी पलीकडच्या टाक्याच्या काठाशी गोणी उतरवल्या. कोंडाईने आधी बैलांना पोटभर पाणी पिऊ दिलं, मग त्यांना लांब चरायला सोडायला सांगितलं. तेवढं झाल्यावर तिने कमरेचा विळा काढला, पहिल्या गोणीची शिवण उसवली आणि सगळी गोणी टाक्यात उलटी केली.

भिवा "वयनी!" म्हणून ओरडला. तिने वळूनही पाहिलं नाही. दुसरी गोणी तिला एकटीला उचलेना. भिवाने क्षणभर तिच्याकडे बघितलं, आणि मग तोच म्हातारा पुढे होऊन दुसऱ्या बाजूने गोणीला लागला. पाठोपाठ बाकीचे गडीही लागले. किल्लेदार धावत आला तोवर टाक्याचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.

"बाई, वेड लागलं का? एवढं मीठ मातीत घातलंस!"

"मातीत नाही सरकार, पाण्यात," कोंडाई म्हणाली. "गोणी अडवायचा तुमचा हुकूम आहे. त्या घ्या, रिकाम्या पडल्यात. घागरीला तुमच्या चौकीवर आडकाठी नाही."

मग ती पलीकडच्या बायकांकडे वळून खड्या आवाजात म्हणाली, "बायांनो, गोडं पाणी त्या टाक्यात, खारं ह्या टाक्यात. कालवणाचं पाणी कुठून न्यायचं ते मी सांगायला नको."

बायका पुढे आल्या. किल्लेदाराने शिपायांना हुकूम केला, घागरी फोडा. तिथे सटवोजी नावाचा हवालदार होता. गडावरच्या नोकरीत केस पिकलेला माणूस. तो म्हणाला, "सरकार, लढाईत सांगा, मान कापून देतो. पाण्याला आलेल्या बाईची घागर ह्या मुलखात कुणी फोडली नाही. माझ्या हातून ते होणार नाही." आणि त्याने भाला कातळाला टेकवून ठेवला. त्याचं बघून एकेकाने भाले टेकवले. बायका रांगेने आल्या, घागरी बुडवल्या आणि किल्लेदाराच्या समोरून चालत्या झाल्या. किल्लेदार तिथेच उभा होता, पण एकीनेही त्याच्याकडे मान वळवली नाही, असं सांगतात.

त्या दिवशी वरच्या वाड्यांवर प्रत्येक चुलीवर आमटी शिजली. किल्लेदाराने पुढे चौकी उठवली. ज्याची माणसं ऐकत नाहीत, असा किल्लेदार फार दिवस टिकत नाही. तोही टिकला नाही.

कोंडाई मात्र त्या दिवशी रिकामी घाट उतरली. पुढच्या हंगामात मिठागरावर तिला कुणी मीठ दिलं नाही, कारण भांडवलच उरलं नव्हतं. तरी ती निघाली. बरोबर भिवा, उरलेला एक बैल, आणि गाठोड्यात सुया, दोरे, कंगवे. फेरी चुकवायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

माथ्यावर येऊन बघते तर टाक्यांच्या काठाला रास लागलेली. नाचणीच्या कणग्या, मधाची मडकी, हिरडा, तुपाची गाडगी. घराघरातून आणून ठेवलेलं. राखणीला कुणी नाही आणि कशाला हात लागलेला नाही. वाड्यांवरचे जाणते पुढे आले आणि म्हणाले, "आई, हे तुझं. घेऊन जा."

कोंडाईचे डोळे भरून आले. पण मान ताठच राहिली. "दान नको," ती म्हणाली. "मी वाण्याची बाई आहे. घेईन तर देऊन घेईन." आणि तिथेच कातळावर तिने गाठोडं सोडलं. मधाच्या मडक्याला सुई, नाचणीच्या कणगीला कंगवा. भिवा हळहळला, हा काय सौदा म्हणून. एका म्हाताऱ्याने मात्र सुई कपाळाला लावली आणि म्हणाला, "बरोबरीचा सौदा झाला." मग खाऱ्या टाक्यात हात बुडवून त्याने तो ओला हात कोंडाईच्या हातात दिला. त्याच्या मागून सगळ्यांनी तसंच केलं. त्या नाचणीवर आणि मधावर कोंडाईचा तांडा पुन्हा उभा राहिला, आणि घाटमाथ्यावर बाजार भरायला लागला तो तेव्हापासून.

आजही दर मंगळवारी तो भरतो. खालून सुकी मासळी येते, वरून नाचणी आणि मध. सौदा ठरला की देणारा आणि घेणारा, दोघेही खाऱ्या टाक्यात हात बुडवतात आणि ओले हात मिळवतात. पैसे मोबाईलवरून गेले तरी हात मिळाल्याशिवाय सौदा पुरा झाला असं इथे कुणी मानत नाही. लिहून घेणं नाही, साक्षीदार नाही. कधी कुणी शब्द मोडलाच, तर त्याच्याशी भांडायला कुणी जात नाही. बाजारातली एखादी म्हातारी मासळीवरच्या माश्या वारता वारता त्याला एवढंच विचारते, "का रे बाबा, हात वाळला का?" आणि असं सांगतात, की तेवढं ऐकून शब्दावर परत न आलेला माणूस ह्या घाटाने अजून पाहिलेला नाही.