उजळाईची बिलोरी तावदाने

उजळाई देवीच्या माळावरच्या देवळात सभामंडपाला भिंती नाहीत. तीन बाजूंनी बिलोरी काचेची तावदाने आहेत. सकाळचे ऊन त्यांतून आत आले की फरशीवर रंग सांडतात. पाहुणे विचारतात, ही नक्षी कोणाची? मग म्हातारे गुरव सोनबातात्या त्यांना पायरीवर बसवून सांगतात, ते असे.

फार पूर्वी माळाखाली काचाऱ्यांचे एक घर होते. थोरली सून धुरपदा. फिरत्या ओल्या दगडावर ती काच धरी आणि काचेत वेली उमटत जात. काच कोरावी तर धुरपदेने, असे पंचक्रोशीत म्हणत. देवळाचे कामही तिच्याकडेच आले. पुढे धाकटी जाऊ आली, गोजरा. धुरपदेने तिला हौसेने शिकवले. पण गोजरेचे पहिले तावदान बसले आणि लोक धुरपदेच्या कामाकडे पाठ करून त्याच्यापुढे उभे राहू लागले. त्यातली जाई वाऱ्याने हलते आहे असे वाटे म्हणे.

धुरपदा मनात जळू लागली. घास गोड लागेना. गोजरा पाया पडे, तेही तिला टोचे. एका दुपारी रिकाम्या देवळात ती देवीपुढे पुटपुटली, "आई, हिची नजर काढून घे. माझ्या हातचे सगळ्यांत उत्तम तावदान तुला वाहीन."

वर्ष सरायच्या आत गोजरेचे डोळे गेले. लोक काचेच्या भुकटीला दोष देत. धुरपदेला नवस तर फेडायचा होता. तिने जीव ओतून तावदान कोरले. गावाने वाखाणले, पण तिचे समाधान होईना. शेवटी तिने ते गोजरेपुढेच नेऊन ठेवले.

गोजरेने काचेवरून बोटे फिरवली. "जाऊबाई, इथे वेल वळायच्या आधीच तुमचा हात भ्याला."

खरेच होते ते. आंधळी झाली तरी हीच वरचढ, या विचाराने धुरपदा पुन्हा पेटली, आणि त्याच भरात तिच्या तोंडून तो जुना नवस बाहेर पडला.

गोजरेने काचेवरची बोटे उचलली. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे. त्या दुपारी मी खांबाआड काच पुसत होते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटलं, देवी तुमचं ऐकायची नाही."

क्षमा केली असे गोजरा कधीच म्हणाली नाही. तिने चाचपडत धुरपदेच्या हातावर हात ठेवला आणि काच पुन्हा दगडाला लावायला सांगितली. ती वेल दोघींनी मिळून वळवली. देवीच्या मागचे तावदान ते हेच. धुरपदेचा मत्सर मात्र गेला नाही, असे सांगतात. कोणी त्या वेलीचे कौतुक केले की ती म्हातारपणीही मान फिरवी. पण देवळाला एक रीत तिनेच घालून दिली.

आजही उजळाईपुढे कोणी मनातल्या मनात नवस बोलत नाही. ज्याच्याविषयी बोलायचा, त्याला शेजारी उभे करतात आणि मोठ्याने बोलतात. पुष्कळ जण पायरीवरूनच माघारी जातात.