गवतात दडवलेलं पाडस

डोंगराच्या पायथ्याशी एका जंगलात हरणांचा कळप राहत असे. त्यातलं एक पाडस घळीवरून उडी मारताना चुकलं आणि सगळ्यांसमोर आपटलं. पायाला फारसं लागलं नाही, पण बाकीची पाडसं हसली, ते मनाला लागलं. त्या दिवसापासून ते खेळेना, चरेना. हरणांची रीत अशी, की नवजात पिल्लाला उंच गवतात दडवून ठेवायचं. आईला दुसरा उपाय ठाऊक नव्हता. तिने एवढ्या मोठ्या लेकराला पुन्हा गवतात निजवलं. म्हणाली, "पडून राहा बाळा, बरं वाटेल."

बरं कसलं वाटतंय! पडून पडून पाडसाचे पाय आखडले आणि मन आणखीच कोमेजलं. इकडे उन्हाने गवत वाळत चाललं होतं. पंधरा दिवसांनी कळप घळ ओलांडून पलीकडच्या हिरव्या रानात जाणार होता. पाडस निघालं नाही, तर आईही मागे राहणार होती. आणि मुलांनो, एकटी हरिणी लांडग्यांच्या तावडीतून क्वचितच सुटते.

जवळच एका टिटवीची पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. टिटवी पाडसाला म्हणाली, "रिकामं आहेस ना? मग माझ्या पिल्लांना पाण्यापर्यंत सोबत कर. वाटेत मुंगूस असतं."

"मला नाही जमणार," पाडस पुटपुटलं.

"उड्या मारायला कोण सांगतंय? नुसतं चाल. पिल्लांचे पाय केवढेसे, बघ तरी."

पहिल्या दिवशी पाडस कसंबसं पाण्यापर्यंत गेलं. चौथ्या दिवशी पिल्लं पुढे पळाली, म्हणून त्यालाही पळावं लागलं. त्या संध्याकाळी त्याला सडकून भूक लागली. पुन्हा पडण्याची भीती गेली नव्हती, पण धावताना तिची आठवण राहत नव्हती. आठव्या दिवशी ते आपणहून पिल्लांना हाक मारायला आलं.

निघायचा दिवस उजाडला. पाडसाने घळीवरून उडी घेतली आणि ते पलीकडे गुडघ्यांवर पडलं. पाडसं पुन्हा हसली. या वेळी तेही हसलं, धूळ झटकून उठलं आणि म्हणालं, "आई, ये ना लवकर!"

आईने मागच्या वाळक्या गवताकडे एकदा पाहिलं आणि उडी घेतली.

तात्पर्य : मन खचलं की दडून पडून राहू नये, कुणाच्या तरी सोबतीने रोज थोडं चालावं, धावावं. अंग मोकळं झालं की मनही हळूहळू उभारी धरतं.