काठावरचा खुंटा

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा! माझं तोंड म्हणजे काय जातं वाटलं, फिरवलं की पडलं पीठ? बसा गप. मध्ये कोणी बोललं तर उठून जाईन.

फार मागं, रखमाच्या जात्याचा खुंटा रोज जळफळायचा. मधली मेख त्याला हिणवायची, "मी मधोमध, सगळं जातं माझ्याभोवती फिरतं. तू कडेला पडलेला, हमाल कुठला!"

"हमाल? थांब, तुझ्या शेजारीच येऊन बसतो!" खुंटा भडकला. त्यानं काठावरचं आपलं भोक सोडलं आणि मेखेला खेटून नवं भोक पाडून उभा राहिला.

रखमा दळायला बसली. घरात चिमूटभर पीठ नव्हतं, पोरं भुकेनं रडत होती. तिनं खुंटा धरून रेटला, जातं हलेना. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन रेटला, तेव्हा कुठं बोटभर सरकलं आणि पुन्हा अडलं.

"मेखे, बाई तीच, जोर तोच. मग अडलं कुठं?" खुंट्यानं विचारलं.



खुंट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे मी तुझ्यापासून लांब होतो, म्हणून हा धोंडा फिरत होता! आणि मला हमाल म्हणतेस, सटवे?"

तणतणत तो काठावर परतला. रखमानं एका हातानं ओढलं आणि जातं घरघरत फिरलं. पोरं जेवली. मेखेनं मात्र अजून माफी मागितलेली नाही.

आणि भर लग्नात मला पंगतीच्या टोकाला, चपलांपाशी बसवून वर दात काढणाऱ्या हरबा शेलारानंही नाही.