आजीच्या वाट्या

त्या राज्यात बाजार भरत नसे; बाजार चाले तो झाडाझाडांतून ताणलेल्या दोऱ्यांवर. दोरे कोळ्याचे. विकणाऱ्याने एक टोक पायाला बांधून घरी बसायचे. दूर कुणाला काही हवे असले की तो दोरा ओढी. जितके नग तितके हिसके. माल पोचवायचे काम कोळ्याचे, आणि आपला हिस्सा तो आधीच कापून घेई. दोरा देताना तो अटीही म्हणून दाखवी. त्या फार लांबलचक असत, म्हणून सगळे पहिल्याच वाक्याला मान डोलावत आणि पाय पुढे करत.

चुणी नावाच्या खारीनेही तशीच मान डोलावली होती. कवठाची कवची घासून ती इतक्या देखण्या वाट्या करी की तिचा दोरा क्षणभर स्वस्थ नसे. त्या वाट्यांच्या जिवावर तिने वडाच्या शेंड्याला दोन खोल्यांची ढोली घेतली होती. ढोलीवर तिचा भारी जीव.

अशात सिंहाने फर्मान काढले. घरातले जुनेपाने कुणीही खुशाल विकावे. पण धंदा करणाऱ्याने दरबारात येऊन तसे सांगावे आणि वाटा द्यावा. लपवील त्याची ढोली जप्त. वाटा तसा किरकोळच होता, पण द्यायचे म्हटले की चुणीच्या पोटात दुखे. तिने कोऱ्या वाट्यांना चिखल फासला आणि त्या आजीच्या म्हणून विकायला काढल्या. झाले भलतेच. जुन्या म्हटल्यावर गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या. एवढ्या वाट्या बाळगणारी आजी त्या राज्यात कुणी पाहिली नव्हती.

शेवटी दरबारातून बोलावणे आले. शेजारचा सुतारपक्षी म्हणाला, "अगं, निदान आज तरी दोरा सोडून जा."

"आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर?" असे म्हणून चुणी दोरा ओढत तशीच निघाली.

सिंहासनासमोर तिने डोळ्यांत पाणी आणले. "महाराज, मी कसला धंदा करतेय? आजीच्या चार वाट्या होत्या, त्या काढल्या. आता घरात एकही नाही."

कोळी पायरीशी खाली मान घालून उभा होता. सिंहाचा पंजा तेवढा जरासा हलला.

चुणीच्या पायाला दोन हिसके बसले.

"दोन ना? आहेत," तिच्या तोंडून सवयीने निघून गेले. "चिखल लावलेल्या देऊ की कोऱ्या?"

चुणीने हळूच पायाकडे पाहिले. तिथून निघालेला दोरा कोळ्याच्या आठ पायांमधून पायऱ्यांवर चढत गेला होता, आणि त्याचे दुसरे टोक सिंहाच्या नखाला नीट गुंडाळलेले होते.