खाऱ्या आठवड्याची विहीर

कठड्याला टेकू नका, दगड सुटलेत. पाणी चाखून बघा. गोड आहे ना? आमच्या आळीची डाळ याच पाण्यावर शिजते. पण झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, उलटला की हेच पाणी मचूळ व्हायला लागतं आणि गुड फ्रायडेला तोंडात धरवत नाही, इतकं खारट होतं. दर्या इथून कोसभर लांब. हसताय? हसा, पुढच्या वर्षी त्या दिवशी या.

पलीकडे ते जोतं दिसतंय, तिथं कोंसूकाकीचं घर होतं म्हणे. कोंसू विधवा. पदरी एकच मुलगा, पेद्रू. लहानपणी कोयत्यानं डाव्या पायाची करंगळी गेलेली, तरी होडीवर माकडासारखा चढायचा. शेजारच्या इनासबरोबर तो मासेमारीला गेला. वादळात डोलकाठी मोडली, होडी भरकटली. सहाव्या दिवशी इनास एकटाच किनाऱ्याला लागला. पेद्रू वाटेत गेला, त्याला दर्याला दिला, एवढंच तो सांगू शकला.

कोंसूनं त्याचं तोंड बघायचं सोडलं. इनास एकटा जीव, त्याची विहीर खारी, म्हणून तो हिच्याच विहिरीवर पाणी भरायचा. राखेच्या बुधवारी, ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला राख लावून ती देवळातून आली आणि विहिरीचा दोर घरात नेऊन ठेवला. आळीत कुणीही मागावा, ती द्यायची. इनासला मात्र नाही.

उपासकाळ तिनं काय कडक पाळला! मासळी बंद, गूळ बंद, एकवेळ पेज. पाद्रीबाबा म्हणाले, "कोंसू, मासळी काय, मांजरही सोडतं, मिळाली नाही की! तू तो दोर सोड."

"मी त्याला देवाजवळ माफ केलंय, फादर," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर जाऊन करायची नाही."

दर शुक्रवारी दुपारी इनास दाराशी यायचा. "काकी, दार उघड. एक गोष्ट सांगायचीय." ती आतून अडसर घालायची.

मग तो आठवडा आला. सोमवारी पोहऱ्यात वाळू आली. बुधवारी पाणी भरती-ओहोटीबरोबर चढायला नि उतरायला लागलं. कान लावला तर तळातून वल्ह्यांचा आवाज यायचा, असं सांगतात. गुरुवारी रिवाजाप्रमाणे देवळातली घंटा मुकी झाली आणि तिच्या जागी लाकडी खटखटे वाजायला लागले. बायका विहिरीकडे फिरकेनात. कोंसूच्या घरात शनिवारी भरलेला एक हंडा तेवढा गोड उरला होता.

शुक्रवारी सगळी आळी देवळात. कोंसूला उपासानं भोवळ आलेली, ती घरीच पडून होती. बरोबर तीन वाजता दारावर थाप पडली.

"तहान लागलीय."

आवाज घोगरा, ओळखू न येणारा. इनासच असणार!

"दर्याचं पाणी पी, मेल्या!" ती ओरडली.

थोड्या वेळानं दाराखालून पाण्याची धार आत आली आणि तिच्या अंथरुणापर्यंत पोचली. बोट लावून तिनं जिभेवर ठेवलं. खारट! अडसर काढून बघते तो चिटपाखरू नाही. उंबऱ्याच्या दगडावर मात्र दोन ओली पावलं. डाव्या पायाला बोटं चारच.

"अगो बाय माझे!" म्हणून तिनं कपाळ बडवून घेतलं. "पोराला पाणी नाही म्हटलं मी!" पावलं उंबऱ्यावरून वळून इनासच्या झोपडीकडे गेली होती. हंड्यातून तांब्या भरून ती त्यांच्यामागं धावली.

झोपडीत इनास एकटाच तापानं फणफणलेला, ओठ फुटलेले. दोन दिवस कुणी त्याच्याकडे डोकावलं नव्हतं. तिला बघून तो उठायला गेला आणि पडला.

"काकी, चौथ्या दिवशी त्यानं पाणी मागितलं. एकच घोट उरला होता. मी प्यालो."

तांब्या कोंसूच्या हातात होता. जमिनीवर ओतून द्यावा आणि निघून जावं, असं तिला वाटलं. फार वाटलं. देवळातले खटखटे थांबेपर्यंत ती तशीच उभी होती म्हणे. मग खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"पी, इनासा," म्हणाली आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला. पेद्रू गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई तेव्हा गळा काढून रडली.

दुसऱ्या दिवशी रात्री पास्काची, म्हणजे ईस्टरची, घंटा वाजली आणि विहीर गोड झाली. इनास वाचला. काकी होती तोवर तिचं पाणी त्यानंच भरलं.

आजही गुड फ्रायडेला तीन वाजता आमच्याकडे एकाही दाराला कडी नसते. आधी भरून ठेवलेलं गोड पाणी तांब्यात घ्यायचं आणि ज्याचं तोंड बघत नाही त्याच्या घरी जायचं. माझा भाऊ अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, एका माडापायी. गेल्या वर्षी आला तांब्या घेऊन. मी प्यालो.

आणि त्या जोत्याचा उंबरा त्या दुपारी आजही ओला होतो, वर ऊन रणरणत असलं तरी. पावलं इनासच्या झोपडीच्या दिशेनं जाताना दिसतात. बोटं आम्ही मोजत नाही.